डाव्या स्टिअरिंगची गाडी

गुरुदत्त चांदोरकराने गाडी घेतल्याची बातमी कलकत्त्यातल्या गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीत आधी सगळ्यांना कळली आणि सगळ्यांत शेवटी त्याच्या बायकोला. शुक्रवारी संध्याकाळी शकुन बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती, तेवढ्यात फाटकातून एक लांबलचक, मळकट पांढरी अमेरिकन गाडी आत शिरली. बंगल्याबंगल्यांतली मुलं मागे धावत होती. चालवणारा माणूस उजवीकडे दिसेना, म्हणून तिने डावीकडे पाहिलं, तर तिथे तिचा नवरा. चेहऱ्यावर भाव असा की गाडी नाही, आगबोटच धक्क्याला लावतोय.

शकुन हातात ओल्यासुक्या टॉवेलांचा गठ्ठा घेऊन खाली उतरली. ऑफिस चालत सात मिनिटांवर, बाजार फाटकाबाहेर, मुलगी नागपूरला हॉस्टेलवर. अशा घराला गाडी हवी कशाला, हा साधा प्रश्न तिने तिथेच, सगळ्यांच्या देखत विचारला. गुरुदत्त म्हणाला, असू दे की एक. त्यानंतर तिने तो प्रश्न जेवताना विचारला आणि शनिवारी सकाळी चहा देतानाही विचारला. उत्तर तेच, असू दे की. तीन वर्षांपूर्वी बढती मिळून ते इथल्या मुख्य कचेरीत आले तेव्हापासून नवऱ्याचं बोलणं असंच तोडकं झालं होतं. दहा गोष्टी सांगाव्यात तर तीनला उत्तर मिळायचं. माणसाला हुद्दा चढला, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं, म्हणजे निदान सोडून दिल्यासारखं दाखवलं होतं.

गाडीच्या दुसऱ्या दारातून श्यामराव हर्डीकर उतरले होते. हे भवानीपूरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आजोबांपासून कलकत्त्यात, त्यामुळे मराठी घरची आणि शब्द अर्धे गावचे. "वहिनी, मी खूप चेष्टा केली, तेव्हा कुठे बॅरिस्टर चौधुरी तयार झाले," ते अभिमानाने म्हणाले. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे शकुनला एव्हाना ठाऊक होतं. पहिल्या वर्षी त्यांनी 'तुमच्यासाठी गडी मिळवायची चेष्टा करतो' म्हटल्यावर ती दोन दिवस फुगून बसली होती.

हकिगत अशी की गाडी एका जहाज कंपनीच्या गोऱ्या साहेबाने आणली होती. तो मायदेशी गेला तेव्हा ती अलीपूरच्या बॅरिस्टर चौधुरींकडे आली आणि नऊ वर्षं त्यांनी ती जपून वापरली. आता पेट्रोलचे भाव असे भडकले की बॅरिस्टरांनाही ती डोईजड झाली. ओळखीचा माणूस म्हणून त्यांनी किंमत पडती लावली आणि वर एक शब्द दिला. सोमवारी दुपारपर्यंत गाडी घरी ठेवा, उलटीपालटी करून बघा, पटली नाही तर आणून सोडा. मात्र त्यात एक मेख होती. रेल्वेच्या इंजिनियरने नापास केलेली गाडी मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधणार नाही, असं बॅरिस्टर म्हणाले होते, ती सरळ भंगारात जाईल.

जाता जाता श्यामरावांनी बॅरिस्टरांचा आणखी एक निरोप सांगितला आणि गुरुदत्तच्या तोंडचं पाणी पळालं. "त्यांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय बरं का, गाडी तेल फार खाते."

तेल खाते म्हणजे गाडीचा टर्बो गेला, हे गुरुदत्तने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

टर्बो काय असतो हे शकुनला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. बाकीच्या बायकांना नवरे सिनेमाच्या गोष्टी सांगतात, हिला टर्बोची मिळाली होती. इंजिनाचा जळका धूर फुकट बाहेर जातो. त्याच्या वाटेत एक भिंगरी बसवायची. तिच्याच दांड्यावर पलीकडे दुसरी भिंगरी, ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते. हवा जास्त म्हणजे ताकद जास्त. दांड्याजवळची सील गेली की तेल आत झिरपतं आणि जळतं. आणि भिंगऱ्या ठणठणीत असल्या, इंजिनावर ओझं पडलं, की बारीक लांब शिट्टी वाजते. बढतीच्या आधी डिझेल शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीच्या जागी, गुरुदत्त त्या शिट्टीवरून इंजिनाची नाडी ओळखायचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला, लाकडी मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले. मग म्हणायचा, आतलं बेअरिंग उघडा. उघडलं की बेअरिंग गेलेलं असायचंच. वीस वर्षं हे चाललं. शेडमध्ये नवीन साहेब आला की त्याला चांदोरकरांचा कान दाखवायला आणत. कचेरीत बढती मिळाली तेव्हा निरोपाच्या भाषणात तीन माणसं त्या कानाबद्दल बोलली होती आणि त्याच्याबद्दल एकच.

शनिवारी सकाळी त्याने ट्रंकेतून शेडमधला निळा डगला काढला. पोटावरची दोन बटणं लागेनात, ती त्याने लावलीच नाहीत. शकुनला आधी राग आलेला होता आणि तो तिने दहा वाजेपर्यंत टिकवलाही. मग खालून हाक आली, जरा आरसा आण बघू हातातला. तिने आरसा नेला. मग विजेरी. मग जुनं धोतर फाडून चिंध्या. अकराच्या सुमाराला ती पायरीवर मांडीत वही घेऊन बसली होती आणि तो गाडीखालून ओरडून सांगेल ते टिपून घेत होती.

गाडीचं इंजिन मागच्या बाजूला होतं. कॉलनीतल्या निम्म्या पुरुषांनी पुढचं झाकण उघडून आत रिकामी जागा पाहिली आणि चांदोरकरांना फसवलं, असं एकमेकांना हळूच सांगितलं. गुरुदत्त तिकडे लक्ष न देता मागे वाकला होता. तेलाची कांडी ओढून त्याने थेंब बोटांवर चोळला. हवेच्या नळीत करंगळी घालून पुसून बघितली, ती कोरडी निघाली. थंड इंजिन चालू करून शकुनला मागे उभं केलं आणि धूर कोणत्या रंगाचा निघतो ते सांग म्हणाला. धूर निळा असेल तर तेल जळतंय. ती पंधरा मिनिटं त्या धुराकडे टक लावून बसली. धूर कसलाच नव्हता, पहाटेच्या तोंडच्या वाफेइतपत काहीतरी होतं आणि तेही दहाव्या मिनिटाला संपलं. त्याने भिंगरी चिमटीत धरून हलवून पाहिली, ढिली नव्हती. फिरवून पाहिली, गरगर फिरली.

बाकीचे दोष निघाले, नाही असं नाही. चालकाच्या पायाखालची चटई उचलली तर पत्र्याला वीतभर भोक, त्यावर बंगाली वर्तमानपत्र चिकटवून वरून रंग मारलेला. मागच्या एका टायरला आतून ठिगळ. आणि हवेचा दाब दाखवणारा पुढचा काटा मेलेला, कारण त्याची बारीक रबरी नळी कुजली होती. असली नळी सोमवारपर्यंत कुठे मिळणार, आणि हा काटा चालला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण एक एक दोष सापडला की गुरुदत्तचा चेहरा उजळत होता. नाकाला काजळी, कोपरांना तेल, आवाज शेडमधला. शकुन वहीत लिहिता लिहिता त्याच्याकडे बघत होती. तीन वर्षांत तिने त्याला फायलींखेरीज काही हाताळताना पाहिलं नव्हतं, आणि हा माणूस आपला होता हे ती जवळजवळ विसरूनच गेली होती. दुपारी तीन वाजता तिने स्वतःशी कबूल केलं की गाडी ठेवायला हवी.

संध्याकाळी श्यामराव चौकशीला आले तेव्हा गुरुदत्तने सरळ विचारलं, किती तेल खाते म्हणाले होते? गॅलनला मैल किती पडतात ते बॅरिस्टरांनाच विचारा, असं श्यामराव म्हणाले. गुरुदत्त चिंधी हातात धरून उभा राहिला. मग शकुन हसायला लागली, आधी तोंडावर पदर धरून आणि मग न धरता. इथे गाडीत घालतात ते सगळंच तेल, पेट्रोलही तेलच. बॅरिस्टरांनी बिचाऱ्यांनी पेट्रोलचं सांगितलं होतं आणि आपला दिवस वंगण शोधण्यात गेला होता. गुरुदत्तही हसला, पण मनात एकदा शिरलेला संशय त्याने काही बाहेर काढला नाही. उद्या रस्त्यावर शिट्टी ऐकू आली म्हणजे झालं, तो म्हणाला. शिट्टी खोटं बोलत नाही.

रविवारी सकाळी सातला दोघं निघाली. माघातली थंडी होती, नदीवर धुकं होतं. डाव्या स्टिअरिंगमुळे शकुनला नवऱ्याच्या उजव्या हाताला बसावं लागलं, रस्त्याच्या ऐन मध्यावर, समोरून येणारी प्रत्येक बस अंगावर घेत. खिदिरपूर येईपर्यंत तिने जीव मुठीत धरला होता. पुढे मैदान आलं, रेड रोडवर चिटपाखरू नव्हतं. गुरुदत्तने डावीकडची काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि पाय दाबला.

गाडी एकदम पुढे झेपावली आणि मागून शिट्टी सुरू झाली. बारीक, स्वच्छ, चढत गेलेली. चहाचं आधण उकळायच्या बेताला येतं तेव्हा किटली करते तसली, फक्त लांबलेली. शकुनच्या अंगावर आनंदाने काटा आला. हीच ती शिट्टी, जिच्याबद्दल आपण वीस वर्षं नुसतं ऐकलं. त्याने पाय उचलला, शिट्टी उतरली. पुन्हा दाबला, पुन्हा चढली.

गुरुदत्तचा चेहरा मात्र पडला होता. "काही नाही," तो म्हणाला. "टर्बो मेलेला आहे."

शकुन म्हणाली, वाजतेय की चांगली. त्याने उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. तो रस्त्याकडे बघत होता. झालं, हुद्दा चढला, असं तिच्या मनात आलं, आणि मग का कोण जाणे, तिला वाटलं की हे काही निराळं आहे. तिने रोजच्या आवाजात विचारलं, "परत जाताना माझ्या मावशीकडे जाऊ या का?" तिला मावशी नव्हती. तो गप्प. मग ती तितक्याच शांतपणे म्हणाली, "तुमच्या डोक्यावर कावळा बसलाय."

गुरुदत्त चांदोरकर मैदानातल्या झाडांकडे पाहत गाडी चालवत राहिला.

मागची तीन वर्षं शकुनच्या डोळ्यांपुढून भराभर सरकली. दारावरची थाप न ऐकता बसलेला तो, सत्यनारायणाला भटजींनी दोनदा विचारलेलं गोत्र, टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचताना तिने सांगितलेल्या आणि वाऱ्यावर गेलेल्या शंभर गोष्टी. हुद्दा कुठला चढलाय. ऐकूच येत नाहीये. आणि त्याचं त्यालाच माहीत नाहीये, कारण जे ऐकू येत नाही ते आहे हे माणसाला कळणार कसं?

घरी आल्यावर तिने पारख केली, त्याची पद्धत त्याच्यावरच वापरून. भाजी निवडायला त्याच्या डाव्या हाताला बसली आणि हळू आवाजात काहीबाही बोलली. प्रत्येक गोष्टीला उत्तर आलं. मग ताट उचलून उजवीकडे गेली. तिकडून एक अक्षर पोचलं नाही. म्हणजे डावा शाबूत होता. गेला होता तो उजवा, इंजिनाला लावायचा, भाषणातला. आणि डावा कान गाडीत बाहेरच्या बाजूला, उघड्या काचेशी, सगळा वारा खात.

दुपारभर तो गाडीपाशी होता. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकायचा, उजव्याच कानाने. डावा लावून बघावा हे त्याला सुचलं नाही, जसं डाव्या हाताने जेवावं हे सुचत नाही. सगळं जागच्या जागी आहे आणि बोलत मात्र नाही, तो म्हणत होता, तापल्यावर बेअरिंग धरत असणार. संध्याकाळी त्याने निर्णय सांगितला. उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकतो आणि गाडी परत करतो. बॅरिस्टरांना खरं ते सांगायला हवं.

आता काय करावं हे शकुनला समजेना. गप्प राहिलं तर चांगली गाडी भंगारात जाणार, आणि तेही ह्याच्या शब्दावर. शिवाय नऊ वर्षं ती चालवणारा बॅरिस्टरांचा ड्रायव्हर तिथेच उभा असणार. टर्बो मेला म्हटल्याबरोबर तो हसेल आणि ते हसू महिन्याभरात कचेरीपर्यंत येईल. आणि सांगावं, तर काय सांगावं? ह्या माणसाला डगला पोटावर बसत नाही हे सांगता येत होतं. त्याच्या भावाने त्याला शेतीच्या वाटणीत बनवलं हेही तिने त्याला सांगितलं होतं. पण त्याचा कान म्हणजे त्याची सगळी इस्टेट. ती गेली हे बायकोच्या तोंडून ऐकणं तिला बरोबर वाटेना. चपात्या लाटता लाटता तिने ठरवलं की आपण सांगायचं नाही. त्याला ते ऐकू यायला हवं.

सोमवारी ती बरोबर निघाली. गुरुदत्तने विचारलंसुद्धा, तू कशाला? ती म्हणाली, असू दे की.

अलीपूरच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बॅरिस्टर चौधुरी शाल पांघरून बसले होते. चहा आला, संदेश नावाची मिठाई आली. जयप्रकाश नावाचा, बिहारमधल्या छपऱ्याचा ड्रायव्हर गाडीच्या दारावरून हात फिरवत उभा होता. माहेरी आलेल्या मुलीची बारीकसारीक चौकशी करावी तसं त्याचं चाललं होतं. बॅरिस्टर म्हणाले, मग काय निकाल? गुरुदत्तने कप खाली ठेवला आणि घसा खाकरला.

शकुन परक्या पुरुषांत मध्येच बोलणाऱ्यांतली नव्हती. पण ती उठली आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत ड्रायव्हरला म्हणाली, "भैया, एक चक्कर आप मारके दिखाव. ये मेरे जगह पे बैठेंगे."

गुरुदत्त तिच्याकडे बघतच राहिला. निकालाच्या वेळी हे काय मध्येच? ती त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि म्हणाली, "गाडी नऊ वर्षं ज्याच्या हातातली आहे, त्याच्या हातात एकदा बघा ना. मग काय सांगायचं ते सांगा." बॅरिस्टरांना ती कल्पना फार पसंत पडली. साक्षीदाराला विचारल्याशिवाय निकाल देऊ नये, असं ते म्हणाले.

जयप्रकाश डावीकडे बसला, गुरुदत्त उजवीकडे आणि शकुन मागे. तिने काचा वर करून घ्यायला लावल्या, थंडी वाजते म्हणून. रेसकोर्सच्या कडेचा रस्ता लागला आणि जयप्रकाशने, आपल्याला नेमकं काय दाखवायचंय ते न कळताही, सवयीने पाय दाबला.

शिट्टी सुरू झाली. शकुन नवऱ्याच्या मानेकडे पाहत होती. मान ताठ झाली. त्याने डोकं वळवून मागे इंजिनाकडे पाहिलं, पुन्हा पुढे केलं. "और एक बार," तो म्हणाला. जयप्रकाशने पुन्हा वेग दिला. गुरुदत्तने उजव्या कानावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच धरला, काढला. मग डाव्या कानावर ठेवला. तो हात मात्र त्याने पटकन काढला नाही. रस्ता संपत आला, गाडी वळली, आणि त्याने पुन्हा सांगितलं, "और एक बार." तेव्हा त्याचा आवाज इतका लहान होता की जयप्रकाशने काही न बोलता गाडी पळवली.

शकुनला वाटलं आपण हे करायला नको होतं. बोलून सांगितलं असतं तर निदान हाताला धरून सांगता आलं असतं.

व्हरांड्यात परतल्यावर गुरुदत्त बसला नाही. उभ्यानेच, कचेरीतल्या इंग्रजीत, पण शेडमधल्या माणसासारखं बोलला. गाडी ठेवतोय. टर्बो उत्तम आहे. तो मेलाय असं सांगायला मी आलो होतो, ती चूक टर्बोची नव्हती, माझ्या ऐकण्याची होती. बॅरिस्टर म्हणाले, तीस वर्षं वकिली करतोय, तज्ज्ञ साक्षीदाराने स्वतःहून साक्ष बदललेली आज पहिल्यांदा पाहिली. मग त्यांनी शकुनच्या पुढ्यात संदेशाची बशी सरकवली.

परत येताना खिदिरपूरचा पूल जहाजासाठी उचललेला होता. दोन्ही बाजूंना ट्रक, हातगाड्या आणि ट्रामची रांग लागली होती. गुरुदत्तने इंजिन बंद केलं आणि सबंध शरीर तिच्याकडे वळवून बसला, डावा कान पुढे येईल असा.

"कधी कळलं तुला?"

"काल. रेड रोडवर."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुमच्या डोक्यावर कावळा बसलाय म्हटलं."

तो हसला, पण पुरतं हसणं जमलं नाही. उद्या रेल्वेच्या डॉक्टरांना दाखवू, ती म्हणाली. तो हो म्हणाला. मग तिने खरं ते सांगून टाकलं, की ह्या तीन वर्षांत मला वाटत होतं तुम्हाला हुद्दा चढला, माझ्याशी बोलावंसं वाटत नाही तुम्हाला. हे सांगताना तिचा आवाज चिरकला आणि तिला त्याची लाज वाटली. पुलाच्या पलीकडून एका जहाजाची चिमणी सावकाश सरकत होती. गुरुदत्त तिकडे बघत बोलायला लागला.

"शेडच्या गावी होतो तेव्हा तू सकाळी स्वयंपाक करताना गुणगुणायचीस. मी पेपर वाचत बसायचो. इथे आलो आणि ते थांबलं. एक दिवस वाट बघितली, आठवडा बघितली. म्हटलं, हिला हे गाव मानवलं नाही. आपली माणसं नाहीत, फिरणं नाही, दिवसभर चार भिंती. विचारायचं धाडस झालं नाही. म्हणून गाडी घेतली."

"मी गुणगुणते?"

"तुला माहीत नाही?"

तिला खरंच माहीत नव्हतं. आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि स्वतःचं स्वतःला ऐकू आलं नव्हतं. तेव्हा गुणगुणायचे का? आणि नंतर थांबले का? इथे आल्यावर मन रमत नव्हतं हे तर खरंच होतं, निदान पहिल्या वर्षी. तिला काही सांगता येईना. पूल खाली आला, मागच्या ट्रकने भोंगा वाजवला आणि गुरुदत्तने तो ऐकला.

मंगळवारी सकाळी खुर्ची ओढल्याचा आवाज आला म्हणून शकुनने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. ह्या घरात गुरुदत्तची जेवणाच्या टेबलाशी असलेली खुर्ची अशी होती की स्वयंपाकघर उजव्या हाताला यायचं. तो ती उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवत होता. आता स्वयंपाकघर डाव्या हाताला आलं. तो बसला, पेपर उघडला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, चालू दे तुझं.

आता चालू दे म्हटल्यावर काय चालणार? शकुन ओट्याशी उभी राहिली आणि तिला जगातलं एक गाणं आठवेना. आरतीची एक ओळ ओठांवर आली, ती मुद्दाम म्हटल्यासारखी वाटली म्हणून गिळली. तिने कणीक मळली. फोडणीसाठी मोहरी काढून ठेवली. बाहेरून काही विचारणा नव्हती. तिला वाटलं, थांबलंच असणार ते आपलं. मग वांग्यांतलं एक किडकं निघालं, दुसरं निघालं, पाटीवाल्याला आज चांगलंच खडसावायचं असं तिने ठरवलं, आणि किडकं तेवढं कापून काढण्यात तिचा वेळ गेला. भाजी परतून झाकण शोधायला ती वळली तेव्हा तिला जाणवलं की नाकातून काहीतरी बारीक सूर निघतोय, आणि तो आपलाच आहे, आणि मघापासून चालू आहे.

ती थांबली नाही. तशीच, सूर न तोडता, दोन पावलं दाराशी आली. गुरुदत्त पेपर समोर धरून बसला होता. चहावर साय आली होती. मघा उघडलेलं पहिलंच पान अजून त्याच्यासमोर होतं, आणि आवाज होईल म्हणून तो ते उलटत नव्हता.